जेमरसनच्या तारा आणल्या, तरी मोटाउनचा आवाज का येत नाही?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा आवाज मिळवायला तुम्ही ५२-११० मापाच्या (इंचाचे हजारावे भाग) जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, तारा मागवल्यात, फेंडरच्या प्रिसिजन बेस गिटारवर चढवल्यात. आता पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) सूर चढा लागतो, ए तार लावताना 'टिक' करून एकदम सरकते, आणि मोटाउनचा आवाज काही आलेला नाही. म्हणून तुम्ही बेस सेटअपला दुकानात टाकणार आहात. तारा कशा बदलायच्या वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी गिटार दुरुस्तीचं शिक्षण घेतलेलं नाही, तेव्हा बेस महागाचा असेल तर हे वाचून कानस हातात घ्यायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवा.

पहिली विनंती: ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या लोखंडी सळीला) आत्ता हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका.

दोष बहुतेक नटमध्ये, म्हणजे खुंट्यांपाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीत, आहे. नेहमीच्या ४५-१०५ संचापेक्षा ई तार जेमतेम ०.१३ मिमी जाड आहे, पण ए तार ८५ वरून ९५ वर जाते, म्हणजे पाव मिलिमीटर. जुन्या खाचेत ती तळाला बसतच नाही, वरच अडकते. त्यामुळे तार नटपाशी उंच राहते, पहिल्या फ्रेटवर दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. 'टिक' आवाज हाच, खाचेत चिमटलेली तार सुटल्याचा. नटची कानस नसेल तर जुन्या, थोड्या बारीक तारेच्या तुकड्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाच रुंद करा, खोल नको. खाचेचा उतार खुंट्यांकडे ठेवा. दहा-बारा हात फिरवले की तार बसवून बघा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढी फट उरली की थांबा. त्यापुढे गेलात तर मोकळी तार खरखरते, आणि मग नटच बदलावा लागतो.

मग पूर्ण सुरात लावून बेस रात्रभर ठेवा. सकाळी पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी असेल तर ट्रस रॉडचा प्रश्नच मिटला.

जास्त असेल तर मात्र नीट वाचा, माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. जुन्या घडणीच्या प्रिसिजनमध्ये ट्रस रॉडचा नट (हा फिरवायचा, तारांचा नट नव्हे) नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत लपलेला असतो. तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढून नेक सोडवायची, पाव फेरा द्यायचा, परत जोडायची, सुरात लावायची, मोजायची. हे तीन-चार वेळा करावं लागतं आणि दुपार जाते. एका दुकानात ही दुपार वाचवायला नेक न काढता, पिकगार्डच्या फटीतून स्क्रूड्रायव्हर तिरका खुपसून, तारा पूर्ण ताणलेल्या असतानाच नट फिरवला गेला. नटची क्रॉस खाच झिजून गुळगुळीत झाली. वर ऐकवलं की लाकूडच वाकडं आहे. बिल घेतलं ते घेतलंच, नेक मात्र नवी घ्यावी लागली. तुम्ही बेस टाकाल तिथे आधी एकच विचारा, "नेक काढून करणार का?" उत्तर देताना अडखळले तर बेस परत घेऊन या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. वरचं नटचं काम जाड तारा ठेवायच्या असतील तरच; मी म्हणेन, त्या तारा काढून ४५-१०५ च्या फ्लॅटवाउंड लावा. जेम्स जेमरसनच्या १९६२ च्या प्रिसिजनवर जाड तारा होत्या आणि तो त्या बदलत नसे हे खरंच. पण त्याच्या तारा फ्रेटबोर्डपासून खूप उंच होत्या आणि उजव्या हाताची एकच तर्जनी तो वापरायचा. तेवढी ताकद बोटांत येईपर्यंत जाड तारांनी तुमचा ठेका जड होईल, एवढंच. (फ्लॅटवाउंड कापताना आधी खुंटीजवळ काटकोनात वाकवा, मगच कापा. नाहीतर वरची पट्टी आत सुटते आणि तार मुकी होते.)

आवाजाचा मोठा वाटा फोमचा आहे. फेंडरच्या ब्रिजवरच्या धातूच्या झाकणात तेव्हा फोमची पट्टी असायचीच, लोक झाकणाबरोबर ती काढून टाकतात. सात सेंमी लांब, दीड सेंमी रुंद तुकडा ब्रिजच्या पुढ्यात तारांखाली सरकवा. उंची तारा आणि बॉडी यांच्यातल्या फटीपेक्षा फार तर दोन मिमी जास्त. तारा नुसत्या टेकल्या पाहिजेत. घट्ट बसला तर सूर चढतो आणि नुसतं 'टक' ऐकू येतं. जी तारेखाली थोडा छाटा. टोनचं बटण बंद करू नका, पूर्ण उघडं ठेवा. आणि बेस डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) सरळ मिक्सरला द्या. डेट्रॉइटच्या २६४८ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या त्या तळघरवजा स्टुडिओत, ज्याला वादक 'स्नेकपिट' म्हणायचे, बेस आणि गिटारी थेट कन्सोललाच जात. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलेल्या प्री-अँपची गरज नाही. विकून टाका.

एवढं करूनही एकटा बेस मोटाउनसारखा वाजणार नाही, कारण तो आवाज सगळ्या खोलीचा होता. फंक ब्रदर्समध्ये, म्हणजे मोटाउनच्या स्टुडिओतल्या वादकांच्या संघात, तीन-तीन गिटारवादक एकत्र वाजवायचे आणि एकमेकांच्या वाटेत यायचे नाहीत. जो मेसिना दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वरच्या पट्टीत तोडलेला आघात द्यायचा, रॉबर्ट व्हाइट भरीव कॉर्ड धरायचा, एडी विलिस मधल्या मोकळ्या जागांत दबलेले तुकडे टाकायचा. तुमचे दोन्ही गिटारवादक सहाही तारांवर सलग झोडत असतील तर जेमरसनच्या ओळीला जागा उरणारच नाही. एकाला वरच्या तीन तारांवर बसवा, फक्त दोन आणि चार. टॅम्बोरिनला वेगळा माणूस द्या, गायकाच्या हातात देऊ नका. मोटाउनच्या गाण्यांत जॅक ॲशफर्डची टॅम्बोरिन स्नेअरइतकीच महत्त्वाची आहे.

तुमच्या कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीत फिलाडेल्फियाची गाणीही आहेत. तिथे फोम काढून बघा आणि ड्रमरशी बोला. तिथल्या सिग्मा साउंड स्टुडिओत ड्रमर अर्ल यंगने १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये जो ठेका धरला तोच पुढे डिस्कोचा ठेका झाला. किक चारही मात्रांवर, स्नेअर दोन-चारवर, हाय-हॅट मधल्या अर्ध्या मात्रेवर उघडी. चूक होते ती हाय-हॅट बंद करण्यात. डावा पाय किकबरोबर अगदी त्याच क्षणी खाली आला पाहिजे, तरच 'त्स' कापल्यासारखा तुटतो. पाय उशिरा आला की सगळं घरंगळतं, आणि दोष बेसवाल्याच्या माथी येतो. सरावाला दोन बारचा लूप वापरा. कमीपणा मानू नका, बी जीजच्या 'स्टेइंग अलाइव्ह'चा ड्रम हा त्यांच्याच 'नाइट फीव्हर'मधल्या दोन बारच्या टेपचा लूपच आहे. शीक या डिस्को बँडच्या गाण्यांना पुन्हा वेगळा हात लागतो. त्यांचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स अंगठा आणि तर्जनी पिक धरल्यासारखी जुळवून 'चकिंग' करायचा. एका बोटाच्या सवयीने ते जमत नाही.

अमुक गाण्यात अमुक वादक आहे असं कुणी ठासून सांगितलं तर जपून. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर फंक ब्रदर्सची नावं छापली गेली, त्याआधी मोटाउनच्या अल्बमवर ती नसायची. आपल्याकडे सिनेसंगीतातल्या गोवेकर वादकांचं तरी काय झालं? व्हायोलिनच्या रांगेत कोण बसलं होतं हे रेकॉर्डच्या वेष्टनावर शोधून सापडत नाही. ह्याचा मला मनापासून राग येतो. म्हणून तुमच्या कार्यक्रमात गाण्याआधी गायकाबरोबर वादकाचंही नाव घ्या, जिथे खात्री आहे तिथे.

तुम्ही चिपळूणचे आहात म्हणून शेवटचं. पावसाळ्यात दमट हवेने नेक हलते. जूनअखेरीस आणि पुन्हा दिवाळीत सातव्या-आठव्या फ्रेटपाशीची ती फट मोजा आणि आकडा केसमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. नटचं काम झालं की ए तार कशी वागते ते कळवा.