ओसरीत कापूस ठेवायचा की ड्रम?

"मावशी, बेसमेंट भरलं, आता हे ड्रमचं सामान सासरी पाठवायला लागलेत," असं कॅनडातल्या कॅलगरीहून एका सुनेने लिहिलं आहे. सासर दर्यापूर तालुक्यात. पत्र लांब आहे, कामाचं तेवढं देते.

"ह्यांना ड्रम वाजवायचा नाद आहे. नाद चांगलाच, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण घरात आज ३ सेट, ६ स्नेअर म्हणजे कडक आवाजाचे छोटे ड्रम, १४ सिंबल म्हणजे काशाच्या थाळ्या, पायाने वाजवायची २ डबल पेडल आहेत आणि स्टँड किती ते मी मोजणं सोडलंय. वाजवणं मात्र रविवारी अर्धा-पाऊण तास, तेही इलेक्ट्रॉनिक सेटवर हेडफोन लावून. मुलं झोपली की रात्री अकराला फोनवर जुन्या सेटचे फोटो बघत बसतात. मागच्या वर्षी एक सेट आणि दोन खोकी बोटीने गावी पाठवली, 'तिकडे गेलो की वाजवीन' म्हणून. आता कापूस घरी यायला लागला आणि मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला, 'बापू, कापूस कुठी ठेवू? तुह्या ढोलाच्या डोक्शावर?' हे हसले. मला हसू आलं नाही."

मलाही आलं नाही, बाई. घरात कापूस भरलेला तुम्ही दोघांनीही पाहिलाय. भाव चढेल या आशेवर माणसं ओसरी भरतात, मग मधली खोली, मग देवघराच्या उंबऱ्यापर्यंत ढीग येतो. त्या कापसाने अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवत राहतात, तरी बाप कापूस विकत नाही, कारण वर्षाचं गणित त्या ढिगात असतं. जागा नसली की मग दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावाने घालावा लागतो. तेव्हा मामाजींचा प्रश्न गमतीचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाने लेकाला दुखवायचं नाही म्हणून तो गमतीत गुंडाळला. आज रात्री जावईबापूंना फोन करायला लाव. शेजारच्या दोन पोरांना सांगून ती खोकी माळ्यावर चढवायची, खाली विटा-फळ्या ठेवायच्या, नाहीतर उधई आधी खोकं खाईल आणि मग लाकूड. प्लास्टिकची ताडपत्री काढून जुनं धोतर टाकायचं. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि रिंगा, बोल्ट गंजतात. सिंबल काशाचे, त्यांना काही होत नाही. फार तर हिरवट डाग पडतील.

आता मुद्द्याचं. तू विचारतेस, "हा नाद कसा कमी करू?" तो कमी करूच नकोस. जावईबापूंचा नाद कमी पडलाय, म्हणून सामान वाढलंय.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजेरी वाजवायचे. एक खंजेरी, तीच शेवटपर्यंत. तुकडोजी महाराजांनी तरी दुसरं काय वापरलं? १९०९ साली यावलीला जन्मलेल्या या माणसाने एका खंजेरीवर गावंच्या गावं उठवली. १९४२ ला चिमूर-आष्टी पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांचा केवढा वाटा होता, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. इंग्रजांनी त्यांना तुरुंगात घातलं ते उगीच नाही. बाबा म्हणायचे, खंजेरी वाजते ती समोरचा टाळवाला चुकला की सांभाळून घ्यायला आणि गाणारा रंगला की त्याच्या मागे धावायला. एकट्याने बसून त्यांनी कधी वाजवल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, मग भजन, मग घरी. त्यांना दुसऱ्या खंजेरीची गरजच पडली नाही, कारण पहिलीला रोज काम होतं.

जावईबापूंच्या ६ स्नेअरना काम नाही. पत्रात तू लिहितेस की ते म्हणतात, "प्रत्येकीचा आवाज वेगळा आहे." खरं आहे, आणि तरी मी त्यांना विचारीन की त्यातल्या किती जणींची कातडी गेल्या वर्षात बदलली? स्नेअरचा आवाज लाकडापेक्षा कितीतरी जास्त वरच्या-खालच्या कातड्यावर आणि ते किती ताणलंय यावर असतो. कातडं मेलं की आवाज मरतो, आणि हौशी माणसाला वाटतं की स्नेअरच जुनी झाली. मग दुसरी येते. नवं कातडं लावायचं, किल्लीने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं, प्रत्येक बोल्टाजवळ काडी टिचकवून सूर जुळतोय का ते ऐकायचं. एक संध्याकाळ जाते यात. ती संध्याकाळ त्यांनी द्यावी.

पोळ्याला डफडेवाले काय करतात ते त्यांनी लहानपणी पाहिलंच असेल. श्रावणातली अमावस्या, हवा ओली, डफड्याचं चामडं सैल पडलेलं. बैल तोरणाखाली यायच्या आधी ते लोक गावाबाहेर पऱ्हाट्यांचा जाळ करतात, डफडं त्यावर फिरवतात, बोटाने टिचकी मारतात, कान लावतात, पुन्हा शेकतात. आवाज कडक झाला की उठतात, आणि मग झडत्यांच्या, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या गाण्यांच्या, मधे जो ठोका पडतो तो पोटात जाणवतो. दिवसातून चार वेळा हे करावं लागतं. परदेशी ड्रमवर १९५० च्या दशकात चामड्याच्या जागी मायलार नावाचं प्लास्टिक आलं आणि हवामानाची ही कटकट बरीच संपली. पण कान लावायचं काम संपलेलं नाही, आणि दर्यापूरकडच्या माणसाला ते नव्याने शिकवायची गरज पडू नये.

त्यांचं दुसरं म्हणणं तू लिहिलंस, "चार्ली वॉट्सनेही जुने ड्रमसेट जमवले होते." जमवले होते, बरोबर. पण रोलिंग स्टोन्सचा हा वादक स्टेजवर वर्षानुवर्षं बसला तो १९५७ च्या एका ग्रेच कंपनीच्या सेटवर, चार ड्रमच्या. बीटल्सचा वादक रिंगो स्टार ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकन टीव्हीवर आला तेव्हा त्याच्यासमोरही चारच ड्रम होते, एक हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजणारी सिंबलची जोडी, आणि दोन सिंबल. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. आधी आठवड्यातून चार दिवस माणसांसमोर वाजवा, जावईबापू, मग जमवा. तुम्हाला कोण अडवणार आहे?

माझ्या थोरल्याचं हेच झालं होतं, ओहायोत. त्याला गिटारचा नाद. सून मला फोनवर रडायची. मी त्याला समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग तिथल्या मराठी मंडळाला गणपतीत ताशा वाजवायला माणूस कमी पडला आणि कुणीतरी ह्याला ओढून नेलं. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ढोलवाल्या पंधरावीस लोकांबरोबर तालीम, बोटांना फोड, हात दुखून रात्री झोप नाही. त्यानंतर फोनवर गिटार बघायला तो जागाच राहिला नाही. गिटारी त्याने आपणहून विकल्या, एक ठेवली. ती आता मंडळाच्या कार्यक्रमात वाजते. आपण देश सोडला की माणसं लांब जातात आणि वस्तू मात्र दारात येतात, हे मी माझ्या घरात पाहिलंय. पार्सलच्या खोक्यावर स्वतःचं नाव वाचून त्या दिवसापुरतं बरं वाटतं. जावईबापूंना शाळेत बाक वाजवल्याबद्दल मार बसला असेल, तेव्हा ड्रमसेट फक्त लग्नातल्या ऑर्केस्ट्रात दिसायचा. ती भूक खरी आहे, तिची टिंगल करू नकोस. मुलांसमोर "बाबांचं दुकान" म्हणतेस असं तूच लिहिलंयस, ते आजपासून बंद.

आणि त्यांनी हे करायचं. एक सेट लावून ठेवायचा: चार ड्रम, हाय-हॅट, एक राईड आणि एक क्रॅश सिंबल. वर्षभर नवीन काही नाही, फक्त काड्या आणि कातडी. तुमच्या मंडळात भजन होत असेलच, तिथे एक स्नेअर आणि ब्रश, म्हणजे हळू वाजणाऱ्या तारांच्या काड्या, घेऊन जायचं आणि आठ मात्रांचा भजनी ठेका हळू आवाजात धरायला शिकायचं. डबल पेडलवर धडधड करणं त्यापेक्षा सोपं आहे. गाणाऱ्याच्या खाली राहून वाजवायला लागलं की समजेल. बाकीचे स्नेअर-सिंबल हळूहळू विकायचे, ते तिकडे विकले जातात.

गावच्या सेटबद्दल ते म्हणतात, शाळेला देऊन टाकू. शिकवणारा नसेल तर देऊ नका, महिन्याभरात पोरं त्यावर डबे ठेवतील. तालुक्याच्या बँड पार्टीला विचारा, किंवा ओळख निघाली तर पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम असतो, वादक रात्र-रात्र वाजवतात, सेटचं सोनं होईल. इलेक्ट्रॉनिक सेट मात्र गावी पाठवूच नका. पाठवलाच तर अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. कॅनडाचे १२० व्होल्ट आणि आपले २३० यात मशीन जळायला वेळ लागत नाही.

तुझे बाकीचे प्रश्न. मुलगा भाकरी खात नाही, तर खाईल, मोठा झाल्यावर तोच मागेल. वावर ठेक्याने द्यावं का, हे मामाजींना ठरवू दे, तुम्ही कॅलगरीत बसून ठरवू नका. त्यांना तिकडे न्यायचं असेल तर कॅनडाचा आई-वडिलांसाठीचा सुपर व्हिसा बघा, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान वर्षाचा वैद्यकीय विमा आधी काढावा लागतो. आणि तिकीट जूनचं काढू नका, पेरणी टाकून ते येणार नाहीत.