'अस्थिर निर्वात' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की स्ट्रिंग थिअरीवरच्या (कण म्हणजे थरथरणारे बारीक धागे मानणाऱ्या सिद्धांतावरच्या) एका लेखाचं मराठी करताना "सुपरसिमेट्री नसलेले निर्वात अस्थिर असतात" हे वाक्य चालेल का. (सुपरसिमेट्री म्हणजे बोसॉन आणि फर्मिऑन या कणांच्या दोन जातींची जोडी लावणारी सममिती.) व्याकरणाला धक्का नाही, पण त्यातले तीन-चार शब्द गडबड करतात, आणि सगळ्यात जास्त 'अस्थिर'.

निर्वात आधी उरकून टाकू. निर्वात म्हणजे हवा काढून घेतलेलं, शाळेतली ती निर्वात पोकळी. इथे हवेचा संबंधच नाही. सगळी फील्ड्स (अवकाशभर पसरलेली क्षेत्रं), नेहमीच्या मितींपलीकडच्या जादा मितींचा आकार, ब्रेन-बिन (स्ट्रिंगची टोकं जिथे चिकटतात ते पडदे) सगळं जिथे ठाण मांडून बसलंय ती अवस्था म्हणजे व्हॅक्यूम, आणि ती रिकामी असेलच असंही नाही, आत फ्लक्स, म्हणजे चुंबकीय रेषांसारख्या फील्डच्या रेषा, भरलेला असू शकतो. मी तर सरळ व्हॅक्यूम लिहीन.

आता अस्थिर. आपण खुर्ची डळमळीत म्हणतो आणि नोकरी तात्पुरती म्हणतो, उलट कोणी म्हणत नाही. नेमका तोच फरक इथे लागतो, आणि अस्थिर लिहिलं की तो पुसला जातो.

डळमळीत म्हणजे टॅकिऑनवाला. २६ मितींच्या बोसॉनिक (फक्त बोसॉन असलेल्या) स्ट्रिंगमध्ये टॅकिऑन निघतो, वस्तुमानाचा वर्ग ऋण असलेला. टॅकिऑन म्हटलं की लोकांना प्रकाशापेक्षा जोरात पळणारा कण आठवतो, पण इथे अर्थ एवढाच की फील्ड ऊर्जेच्या उंचवट्यावर बसलंय आणि जरा हललं की खाली जाणार. खाली गेल्यावर काय होतं यावर अशोक सेन यांचं १९९८-९९ च्या सुमाराचं काम प्रसिद्ध आहे, ओपन (दोन टोकं सुटी असलेल्या) स्ट्रिंगचा टॅकिऑन तळाला पोचला की ती टोकं जिला चिकटलेली असतात ती ब्रेनच विरघळून जाते असं. पण टॅकिऑन दिसला की डळमळीत असंही सरसकट म्हणता येत नाही बरं का, अँटी-डी सिटर (ऋण वक्रतेच्या) अवकाशात एका मर्यादेपर्यंत ऋण वर्ग चालतो, ब्राइटनलोनर आणि फ्रीडमन यांनी १९८२ मध्येच ती मर्यादा काढून ठेवलीय.

दुसरा प्रकार घसरणारा. १९८६ मध्ये ओ(१६)×ओ(१६) ही हेटरॉटिक स्ट्रिंग (स्ट्रिंग थिअरीचा एक प्रकार) सापडली, सुपरसिमेट्री नाही आणि टॅकिऑनही नाही, म्हणजे ऐकायला झकास. पण सुपरसिमेट्री नसल्यामुळे बोसॉन-फर्मिऑनच्या ऊर्जेची वजाबाकी शून्य येत नाही, पहिल्याच लूपला (क्वांटम दुरुस्तीच्या पहिल्या पायरीला) ऊर्जा उरते आणि ती डायलेटॉनला (स्ट्रिंगमधल्या परस्परक्रियेची ताकद ठरवणाऱ्या फील्डला) ढकलत राहते, तो जागेवर थांबतच नाही. याला अस्थिर व्हॅक्यूम म्हणण्यापेक्षा 'अजून व्हॅक्यूमच नाही' म्हणणं जास्त प्रामाणिक.

तिसरा तात्पुरता, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. २००३ मध्ये काचरू, कालोश, लिंडे आणि त्रिवेदी (संदीप त्रिवेदी, आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे) यांनी अशी रचना मांडली की हलवलं तरी व्हॅक्यूम जागचा सरकत नाही, पण क्वांटम टनेलिंगने (ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार जाण्याने) कधीतरी त्यात बुडबुडा उठणार आणि तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरत सगळं गिळणार. हे 'कधीतरी' विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कल्पनेबाहेर लांब असू शकतं. याला कोणी मितस्थायी म्हणतात, शब्द वाईट नाही पण वाचणारा अडखळतो. बुडबुड्यांमध्येही एक विचित्र जात आहे, विटन यांनी १९८२ मध्ये दाखवलेली, तिच्या आत दुसरा व्हॅक्यूम नसतोच, अवकाशच नसतं! (त्याला मात्र निर्वात म्हणायला माझी हरकत नाही.) जादा मिती गुंडाळताना फर्मिऑन सुपरसिमेट्रीला जुळतील अशी अट घातली असेल तर हा बुडबुडा उठूच शकत नाही.

आणि ते 'असतात' पण काढा. फ्लक्सवर उभे असलेले सुपरसिमेट्री नसलेले अँटी-डी सिटर व्हॅक्यूम शेवटी ढासळतातच असं ओगुरी आणि वाफा यांनी २०१६ मध्ये म्हटलंय खरं, पण ती अटकळ आहे, सिद्ध झालेलं प्रमेय नव्हे. उलट डुडास-मुराद यांचा ९ मितींचा व्हॅक्यूम घ्या, २०१८ मध्ये तपासला तेव्हा छोट्या धक्क्यांना टिकणारा निघाला, त्याची अडचण वेगळीच, एका टोकाला कपलिंग (परस्परक्रियेची ताकद) इतकं वाढतं की गणितावर भरवसा राहत नाही.

राहिला 'नसलेले'. ओ(१६)×ओ(१६) मध्ये सुपरसिमेट्री मुळात नसते, तिथे नसलेले ठीक. २००३ च्या त्या रचनेत ती असते आणि अँटी-डी३ ब्रेन (उलट भाराची ब्रेन) घालून मोडतात, तिथे 'मोडलेली' लिहा. तुमच्या लेखात यातलं कुठलं आहे ते बघून ठरवा.