मुलं बरोबर नसताना आम्ही दोघांनीच 'सहकुटुंब' संगीत नाटकाला जावं का? ठाण्यात जावं की बीकेसीला?

जा, आणि पहिल्यांदा दोघंच जा.

तुम्ही ऐरोलीत राहता, शनिवार-रविवार मोकळा आहे, आणि तुमच्या मनात तीन शंका आहेत. जाहिरातीत 'सहकुटुंब पाहावे असे' लिहिलेलं नाटक मुलांचंच असणार का? गाण्यातलं काही कळत नसेल तर पैसे वाया जातील का? आणि बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) येणारं परदेशी म्युझिकल बघावं की ठाण्या-वाशीतलं मराठी? मी नौपाड्यात वाढले, लग्नानंतरही ठाण्यातच राहिले. लग्नाच्या आधीपासून आम्ही दोघं नाटकं बघतोय आणि संगीत नाटकाचा प्रयोग लागला की त्या दिवशी दुसरं काही ठरवत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलांचा मुद्दा. गाण्यांची बालनाट्यं वेगळी. सुट्टीत 'अलबत्या गलबत्या'सारख्या नाटकाला गेलात तर चेटकिणीला निम्मं थिएटर खुर्चीवर उभं राहून उत्तर देत असतं. तेही बघण्यासारखं असतं, पण त्यासाठी भाचे-पुतणे बरोबर हवेत. मराठी संगीत नाटकाचं तसं नाही. त्यात आजीपासून नातवापर्यंत कोणालाही अवघडल्यासारखं होणार नाही, इतकाच 'सहकुटुंब'चा अर्थ. विषय मात्र बहुतेक वेळा मोठ्यांचे असतात. प्रेम, रुसवा, संशय, लग्न जमणं आणि मोडणं. नवरा-बायकोने शेजारी बसून बघावं असं तर त्यात भरपूर आहे.

'संगीत सौभद्र'चंच घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि त्यानंतर दोन वर्षांनी 'सौभद्र'. अर्जुन आणि सुभद्रेचं एकमेकांवर प्रेम, पण बलरामदादांनी तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय. कृष्ण वरवर काहीच करत नाही आणि आतून सगळी सूत्रं हलवतो. अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि बलराम भक्तिभावाने त्या यतीला स्वतःच्याच घरी आणतो, वर सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो! प्रेक्षकांना सगळं माहीत, बलरामाला काहीच माहीत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही त्या प्रसंगाला थिएटर हसतं. महाभारतातली माणसं आहेत खरी, पण घर आपल्यासारखंच आहे. थोरल्या भावाचा हट्ट, धाकट्याचं राजकारण, वहिनीचा वैताग, सगळं तिथे आहे.

आणि त्यात कृष्ण-रुक्मिणी आहेत. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढताना कृष्ण 'नच सुंदरी करू कोपा' म्हणतो ना, त्या वेळी स्टेजकडे बघताय तसं एकदा आजूबाजूच्या खुर्च्यांकडेही बघा. साठी-सत्तरीची जोडपी असतात. आमच्या पुढच्या रांगेत एकदा एक काका होते. कृष्णाने पद उचललं तसे ते मान न वळवता, फक्त कोपराने बायकोला हलकेच ढोसत राहिले. ती समोर बघत राहिली, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तिची मान बरोबर हलली. दोघांनी जा म्हणते ते यासाठी. मुलं बरोबर असली की पाणी, बाथरूम, 'कधी संपणार' यात अशा जागा निसटतात.

आता गाणं न कळण्याबद्दल. त्यासाठी माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ज्या प्रयोगाला वादक समोर बसलेले असतात तोच प्रयोग निवडा. हल्ली काही नाटकांत गाणी आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होतात. नट नुसते ओठ हलवतात किंवा ट्रॅकवर गातात. नाच-बीच असेल तर ते समजू शकते, पण संगीत नाटकाचा जीवच त्यात जातो. ट्रॅक नटासाठी थांबत नाही. नटाला आज एक तान जास्त घ्यावीशी वाटली, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, तरी ट्रॅक पुढे जाणारच. साथीदार मात्र थांबतात.

स्टेजच्या पुढ्यात एका अंगाला ऑर्गन, दुसऱ्या अंगाला तबला, अशी बहुतेक ठिकाणी मांडणी असते. शक्य असेल तर ऑर्गन दिसेल अशी जागा घ्या. पायाने भाता मारत वाजवायचं वाद्य ते. गद्य संवाद चालू असतात तेव्हा ऑर्गनवाल्याचे हात मांडीवर असतात, पण डोळे नटाच्या तोंडावर. पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य आलं की त्याचा पाय हलायला लागतो, हवा भरली जाते, आणि वाक्य संपता संपता सूर मिळतो. नटाने तोच सूर पकडून गायला सुरुवात केली की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळतही नाही. हे एकदा जवळून बघितलंत की राग कोणता, ताल कोणता हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. दोन माणसं एकमेकांना सांभाळून घेतायत हे कळायला शास्त्र लागत नाही.

म्हणूनच वेळेआधी जाऊन बसा. पडदा पडलेला असतो आणि आतून तबला लावल्याचा आवाज येत असतो, हातोडीची टकटक, मग एक थाप, पुन्हा टकटक. मग तिसरी घंटा आणि नांदी. सगळे कलाकार मिळून नांदी म्हणतात. ती चुकवून मध्येच अंधारात पाय तुडवत आत जाऊ नका, निम्मी मजा तिथेच जाते.

पहिल्यांदा जाताना कोणतं नाटक? माझी निवड 'सौभद्र', नाहीतर देवलांचं 'संशयकल्लोळ' (१९१६). दुसऱ्यात फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि बायको त्याच्यावर, त्यातून जो गोंधळ उडतो त्याला तोड नाही. मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून ते आलंय हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही, इतकं ते मराठी झालंय. जुन्या नाटकांमध्ये या दोघांतलं गद्य दमदार आहे, त्यामुळे गाण्यांची सवय नसलेल्यालाही धरायला काहीतरी मिळतं. 'मानापमान' (१९११) पुढे कधीतरी बघा. खाडिलकरांचं नाटक आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली, तिथपासून नाटकात रागदारी जोरात शिरली. कान जरा तयार झाल्यावर ते जास्त पोचतं. किर्लोस्करांच्या चाली साध्या आहेत. साक्या, दिंड्या, ओव्या, कीर्तनात ऐकलेली वळणं. 'सौभद्रा'त मुळात शंभराहून जास्त पदं होती आणि प्रयोग रात्रभर चालायचे. आता निवडक पदं ठेवून तीनेक तासांत बसवतात, तेव्हा वेळेची भीती बाळगू नका.

अगदी जुनं नको असेल आणि प्रयोग लागलेला दिसला तर 'संगीत देवबाभळी' बघा. २०१७ चं, प्राजक्त देशमुखांचं. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, स्टेजवर दोनच बायका, आणि दोघी गातात. आवलीच्या पायात काटा रुततो इथून सुरू होऊन ते नवऱ्याच्या भक्तीपायी बायकोच्या वाट्याला काय येतं तिथपर्यंत जातं. हसवणारं नाही, पण दोघांनी बघून झाल्यावर घरी बराच वेळ बोलत बसाल. आमच्याकडे तर या नाटकावरून झालेली चर्चा दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत चालली.

बीकेसीबद्दल. नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं ग्रँड थिएटर २०२३ मध्ये सुरू झालं, सुमारे दोन हजार खुर्च्यांचं. तिथे 'द साउंड ऑफ म्युझिक', 'मामा मिया', 'मटिल्डा', 'द फँटम ऑफ द ऑपेरा' असे परदेशी प्रयोग येऊन गेले. नेपथ्य, प्रकाश, नाच, शिस्त, सगळं थक्क करणारं असतं आणि आयुष्यात एकदा जरूर बघावं. 'साउंड ऑफ म्युझिक' किंवा 'मटिल्डा'सारखं असेल तर मुलांनाही नेता येतं. ठाण्याहून किंवा ऐरोलीहून जाताना कुर्ल्याला उतरून बस-रिक्षा करायची. पण तिकिटाचा आकडा बघितलात तर दोघांच्या तिकिटांत ठाण्यात वर्षभराची नाटकं होतील. शिवाय तिथे बरोबर नऊ मिनिटांनी दिवा बदलायचा असेल तर तो बदलणारच. त्या बांधेसूदपणाचं मला कौतुक आहे. पण प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' म्हटल्यावर गायकाने हसून ऑर्गनकडे बघावं आणि पद पुन्हा उचलावं, हे मात्र इथेच मिळतं. पहिला अनुभव इथला घ्या असं मी म्हणते ते यासाठी.

आता ठाण्या-नवी मुंबईतलं. तुमच्यासाठी सोयीची नाट्यगृहं तीन. तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन १९७८ चं. नूतनीकरणासाठी बराच काळ बंद होतं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं. ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे, पश्चिमेला उतरून जांभळी नाक्यावरून चालत गेलात तर पंधरा मिनिटांत पोचाल. रिक्षासाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा चालणं बरं. दुसरं घोडबंदर रोडच्या बाजूचं काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, मोठं आहे, पण स्टेशनपासून लांब. त्या रस्त्याच्या वाहतुकीचा भरवसा धरू नका, तासभर हाताशी ठेवा. तिसरं वाशीचं विष्णुदास भावे, तुम्हाला उलट दिशेने ट्रान्स हार्बरच. भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि त्याच वर्षी किर्लोस्करांचा जन्म झाला, हा योग मला फार आवडतो.

संगीत नाटकांचे प्रयोग रोज लागत नाहीत, हे खरं. गुरुवारपासून वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती बघायला लागा, 'बुक माय शो' आणि 'तिकिटालय' बघा, आणि नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर पुढच्या तारखांची चौकशी करा. खिडकीवरच्या माणसाला प्रयोग कधी आहे, कोण गाणार आहे, साथीला कोण आहे, सगळं माहीत असतं. साथ प्रत्यक्ष आहे का, हेही तिथेच विचारा. रत्नागिरीची खल्वायनसारखी संस्था किंवा गोव्याची मंडळी जवळपास आली तर चुकवू नका, त्यांनी हा प्रकार मनापासून जपलाय. राज्य नाट्य स्पर्धेतल्या संगीत नाटकांचं तिकीट तर अगदी नाममात्र असतं, आणि तिथे गाणारी पोरं कोवळी असली तरी जीव ओतून गातात.

जागा मधल्या रांगांतली घ्या. अगदी पुढे बसलात तर ऑर्गन कानात आणि शब्द मागे, असं होतं. शब्द कळणं महत्त्वाचं. घरून निघण्याआधी कथा वाचून घ्या आणि त्यातली दोन-तीन पदं जुन्या गायकांच्या आवाजात ऐका, कृष्णाची पदं छोटा गंधर्वांच्या आवाजात मिळतील. ओळखीचं पद स्टेजवर सुरू झालं की माणूस आपोआप पुढे सरकून बसतो.

शनिवारी रात्री साडेआठचा प्रयोग आणि रविवारी दुपारी चार-साडेचारचा, अशा दोन वेळा मिळतात. तुम्हाला ऐरोलीला परत जायचंय, तर रविवार दुपार घ्या. सकाळचा मेगाब्लॉक ट्रान्स हार्बरवर आहे का तेवढं शनिवारच्या बातम्यांत बघून ठेवा, कारण दुपारी उशिरापर्यंत तो लांबतो. जेवून निघा, मध्यंतरात वडा आणि चहा घ्या पण पहिल्या घंटेलाच परत या, कारण दुसरा अंक बहुतेक वेळा पदानेच उघडतो. सुटल्यावर सव्वासात-साडेसात होतील. तेव्हा तलावपाळीवर फेरी मारा, नौपाड्यातला गजाननचा वडापाव पिवळ्या चटणीबरोबर खा, आणि गाडी पकडा.

सासू-सासऱ्यांना नेण्याचा विचार असेल तर तो दुसऱ्या खेपेला करा. तेव्हा कोणती जागा, कोणतं पद, कुठे हसू येणार, हे सगळं तुम्हालाच माहीत असेल आणि त्यांना तुम्ही मधल्या दोन खुर्च्या देऊन कडेला बसू शकाल.