डॅक घेण्याआधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा

प्रश्न : मी गाणी कॉम्प्युटरवरच ऐकतो. बरीचशी माझ्याच सीडींवरून उतरवलेली, काही जुनी एमपीथ्री. टेबलावर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना, भिंतीला टेकून, दोन छोटे स्पीकर आहेत. खर्ज घुमतो, गायकाचा आवाज मागे पडतो आणि गाणं थांबलं की बारीक किरकिर ऐकू येते. माउस हलवला की ती किरकिरही बदलते. हाताशी पैसे बेताचेच आहेत. एक मित्र म्हणतो डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाच्या विद्युत-संकेतात बदल करणारं वेगळं यंत्र) घे, दुसरा म्हणतो भारी यूएसबी केबल घे, तिसरा म्हणतो हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या, फाइली घे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : माउस हलवल्यावर किरकिर बदलते, हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. निम्मं निदान त्यातच झालं. पण तिकडे नंतर वळू. आधी घुमण्याचं पाहू, कारण गाण्याचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतंय आणि त्यावरचा उपाय फुकट आहे.

खालचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात. मागे भिंत असेल तर तिथून परततात आणि खर्ज फुगतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर आणखीच. फुगलेला खर्ज मधल्या पट्ट्यावर पांघरुणासारखा बसतो, आणि गाणाऱ्याचा आवाज तर त्या मधल्या पट्ट्यातच असतो. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन तक्रारी बहुधा एकच आहेत. स्पीकर भिंतीपासून जितके पुढे आणता येतील तितके आणा. दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत ठेवा. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. ते जमत नसेल तर स्पीकरखाली पुढच्या बाजूला पाचर सारून तो वर कलता करा. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत आणले, तर समोरच्या लाकडावरून उसळून येणारा आवाजही कमी होतो. मग तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून बसा. खर्जाची तार बाकीच्या तारांना गिळत असेल, तर अजून थोडं पुढे ओढा. चार बोटं सरकवल्यानेही फरक पडतो. मी वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं, आणि आजही नव्या खोलीत गेले की पहिला अर्धा तास स्पीकर सरकवण्यातच घालवते.

याच जोडीने तारा तपासा. एका घरी मी दोन महिने अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत राहिले. शेवटी कळलं, की एका स्पीकरच्या तारा मीच उलट जोडल्या होत्या. तारा उलट असल्या की एकट्या गळ्याचं मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकसारखंच वाजणारं) ध्वनिमुद्रण दोन स्पीकरांच्या मधोमध उभं राहत नाही, कुठून येतंय तेच समजत नाही, आणि खर्ज पातळ होतो. तुमचा घुमतोय, म्हणजे तारा बहुतेक सरळच असतील. तरी एकदा पाहा.

आता किरकिर. कॉम्प्युटरच्या आतल्या विजेच्या हालचाली हेडफोनच्या भोकापर्यंत पोचताहेत. आधी पुढचं भोक सोडून डब्याच्या मागचं वापरा. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि आवाज स्पीकरच्या बटणाने कमी करा. किरकिर त्याच्याबरोबर खाली जाते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका. किरकिर थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली जाण्यात, आहे आणि यूएसबी डॅकने तो जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या तारेतूनही अर्थ जोडलेलाच राहतो. तिथे स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत ही जोडणी तोडणारा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावतात. एवढं करूनही किरकिर उरली आणि चार्जरचा संबंध नसेल, तर पहिला मित्र बरोबर आहे. साधा, छोटा डॅक घ्या, तो पुरतो.

केबलवर खर्च करू नका. यूएसबीची तार खराब असेल तर टकटक होते, आवाज तुटतो. गाणं जरासं निस्तेज झालं, असं तिच्यामुळे होत नाही.

हाय-रेझबद्दल मी ठाम आहे. सीडीचे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे 96 डेसिबलचा पल्ला आणि 22 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर. माणसाचा कान 20 च्या आसपास थांबतो, वयाबरोबर त्याच्याही खाली येतो. 2007 साली मेयर आणि मोरान या दोन अभ्यासकांनी हाय-रेझ आवाज थेट आणि सीडीच्या दर्जावर आणून, असा आळीपाळीने ऐकवला. कुठला कोणता ते 554 वेळा विचारलं, बरोबर उत्तरं 49.8 टक्के आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. तुमच्या सीडी फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा, त्यात फाइल लहान होते पण काहीही हरवत नाही. जुन्या एमपीथ्रीचं मात्र फ्लॅक करू नका. गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

विंडोज असेल तर साउंड सेटिंगमधली सगळी ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. त्यांपैकी काही खर्ज वाढवतात आणि तुमच्याकडे तो आधीच जास्त आहे. फूबार2000 हा फुकटचा प्लेअर चांगला आहे; त्यात वासापीचा (विंडोजमधल्या आवाज पोचवण्याच्या सोयीचा) एक्सक्लुझिव्ह मोड निवडला, की विंडोजचा मिक्सर मध्ये येत नाही.

कुठलेही दोन बदल ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. किंचित मोठं वाजलेलं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. मीही त्याला फसले आहे. आणि इतकं करून पैसे उरले, तर ते स्पीकरवर घाला.

प्रश्न : घरात सगळे असतात, स्पीकर लावता येत नाहीत. त्याच पैशांत हेडफोन ब्लूटूथचा घ्यावा की तारेचा?

उत्तर : तारेचा. ब्लूटूथमध्ये तुमचे पैसे बॅटरी आणि रेडिओतही वाटले जातात. लॅपटॉपला थेट जोडणार असाल तर 16 ते 32 ओहमचा (हे हेडफोनच्या विद्युत-अडथळ्याचं माप) बघा. 300 ओहमचा बहुतेक लॅपटॉपवर पुरेसा मोठा वाजत नाही. बंद कपांचा घेणार असाल, तर दुकानात चष्मा लावूनच घालून पाहा. काडीपाशी गादीला फट राहिली तर खर्ज तिथून निसटतो. तळव्याने कप हलकेच दाबा. खर्ज एकदम वाढला, तर तो हेडफोन तुमच्या कानांवर नीट बसत नाही.