मुलगा डीजे व्हायचं म्हणतोय

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्र रात्र हेडफोन लावून लॅपटॉपवर संगीत बनवत बसतो. आता दीड लाखाचा डीजे कन्सोल, म्हणजे गाणी जोडून वाजवायचं यंत्र, हवा म्हणून हटून बसलाय. काही बोललं की स्वीडनच्या अविची या डीजेचं नाव पुढे करतो; तोही घरातल्या खोलीतूनच जगभर पोचला म्हणतो. यांच्या डोळ्यांसमोर डीजे म्हणजे गणपतीतला डॉल्बीचा ट्रॅक्टर. यात खरंच पोट भरतं का?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : ताई, यजमानांना सांगा, त्या ट्रॅक्टरवर मीही उभा राहिलोय आणि माझा कोल्हापुरातला स्टुडिओ त्याच पैशांवर उभा आहे. तेव्हा ट्रॅक्टरला नावं ठेवू नका.

मुलगा सांगतो ते खरं आहे, पण अर्धंच. अविची म्हणजे टिम बर्गलिंग, स्टॉकहोमचा, जन्म १९८९. शाळकरी वयात त्याला एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर मिळालं आणि तो त्यावर ट्रॅक बनवून इंटरनेटवर टाकू लागला. २००८च्या सुमाराला अ‍ॅश पूर्नूरी नावाच्या तरुण मॅनेजरनं ते ऐकलं आणि त्याला हाताशी धरलं. आता तुमच्या मुलाला हे विचारा : अविची डीजे आधी होता की संगीतकार? तो आधी ट्रॅक बनवायला शिकला. डेकवर, म्हणजे डीजेच्या यंत्रापुढे, उभं राहून वाजवणं नंतर आलं, आणि तेही मुख्यतः त्याचे ट्रॅक लोकांना हवे होते म्हणून.

ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रॅक बनवणारा प्रोड्यूसर रात्री एकटा बसून एकाच ठेक्यातला किक ड्रम पन्नासदा बदलतो. वाजवणारा डीजे समोरच्या हजार माणसांच्या अंगात काय चाललंय ते ओळखून पुढचं गाणं लावतो. या धंद्यात नाव होतं पहिल्या कामानं आणि पैसा मिळतो दुसऱ्यातून. इंटरनेटवर गाणं लाखोंनी ऐकलं तरी हातात फार काही पडत नाही, म्हणून नाव झालं की माणसाला विमानात बसवून गावोगाव पाठवतात.

अविचीचं नेमकं तेच झालं. २०११ साली त्याचं ‘लेव्हल्स’ हे गाणं आलं आणि तो जगभर गाजला. मार्च २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात त्यानं मंचावर बँजो-गिटारवाले आणले. नाचायला आलेली पोरं गोंधळली, इंटरनेटवर टर उडाली. त्याच कार्यक्रमात वाजलेलं ‘वेक मी अप’ उन्हाळ्यात ब्रिटनसकट अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकन खेड्यातलं ब्लूग्रास संगीत आणि क्लबचा ठेका एकत्र नांदतील हे त्याला खोलीत बसून ऐकू आलं होतं. माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम, ‘लेव्हल्स’पेक्षाही.

पण तो लाजाळू होता. मंचाची धास्ती, त्यावर उतारा म्हणून दारू, रोजचा प्रवास, झोपेचं खोबरं. २०१२ मध्ये स्वादुपिंडाच्या सुजेमुळे इस्पितळ झालं, २०१४ मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावं लागलं. आठशेहून अधिक कार्यक्रम करून २०१६च्या ऑगस्टमध्ये इबिझा बेटावर त्यानं शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले. संगीत बनवणं मात्र सोडलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये मस्कतला तो गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. ज्या धंद्याच्या यंत्रात तो सापडला त्यासाठी त्याचा पिंडच नव्हता, असं घरच्यांनी नंतर जाहीर पत्रात लिहिलं. ताई, तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. मुलगा उदाहरण देतोय तर ते पुरतं द्यावं, एवढंच.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तो रात्र रात्र हेडफोन लावून बसतो, असं तुम्ही लिहिलंय. मित्रांच्या हळदीत वाजवतो, कॉलेजच्या गॅदरिंगला स्पीकर लावतो, असं कुठेच नाही. म्हणजे पोरगा प्रोड्यूसरच्या जातीचा दिसतो, आणि त्याला कन्सोल लागतच नाही! एफएल स्टुडिओची ट्रायल फुकट आहे. फक्त त्यात साठवलेलं काम पुन्हा उघडता येत नाही. पूर्ण आवृत्ती रीतसर विकत घेऊन द्या, पुढची अपडेट आयुष्यभर फुकट मिळतात. सोबत एक बरा हेडफोन. वाजवायचंच असेल तर दोन चॅनेलचा, म्हणजे दोन गाणी जुळवता येणारा, साधा कंट्रोलर त्या दीड लाखाच्या पाव भागात येतो.

आणि एक अट घाला : आधी एक ट्रॅक पुरा करून दाखव. सुरुवात केलेले शंभर सगळ्यांकडे असतात. दिवाळीनंतर लग्नसराईत त्याला एखाद्या साऊंडवाल्याबरोबर पाठवा. केबल गुंडाळायला लागतील, इसार घेतल्याशिवाय सुपारी धरायची नाही हे कळेल, आणि रात्री दहाला पोलीस आले की आवाज कसा बंद होतो तेही. पोट भरतं का? लग्न, गणपती, एकतीस डिसेंबर यांवर भरतं. मधले महिने कोरडे जातात. बी.कॉम. सोडू देऊ नका.

प्रश्न : पेन ड्राइव्ह लावून बटण दाबायचं, त्याचे एवढे पैसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बटण तर विजेचा पंखा लावतानाही दाबतात. एक गाणं मिनिटाला १२६ ठोक्यांचं, दुसरं १२८चं. दुसऱ्याचा वेग उतरवून, कानात आधी ऐकून, सोळा मात्रांचा तुकडा संपतानाच ते सोडायचं असतं. आजची यंत्रं ठेका आपोआप जुळवतात हे खरं. कुठलं गाणं कधी लावायचं ते मात्र नाही सांगत. मोठ्या महोत्सवांत आतषबाजी आणि दिव्यांसाठी काही भाग आधी ठरवलेला असतो, तिथे तुमचा टोमणा थोडा लागू पडतो.

प्रश्न : आजोबांकडच्या तबकडीवर जुनी लावणी आहे. तिच्या सहा सेकंदांवर ट्रॅक बनवलाय. आठ सेकंदांपर्यंत चालतं म्हणतात. यूट्यूबवर टाकू का?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आठ सेकंदांचा असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. अविचीच्या ‘लेव्हल्स’मधला तो बाईचा आवाज अमेरिकन गायिका एटा जेम्सचा, १९६२च्या ध्वनिमुद्रणातला, आणि त्या मूळ गाण्याच्या रचनाकारांची नावं ‘लेव्हल्स’च्या श्रेयनामावलीत आहेत. तुकडा छोटा म्हणून नाव गाळलं नाही.

तुमच्या बाबतीत हक्क दोन. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चालीचा हक्क कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लावणी पेशवाईतल्या शाहिराची असेल तर शब्द मोकळे, पण तबकडी १९७०ची असेल तर ते ध्वनिमुद्रण अजून कंपनीचंच. तबकडी १९५५ची आणि कवी १९८०ला गेलेला, तर उलटं. घाईनं चढवलंत तर यूट्यूब आपोआप ओळखून जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळवू शकतं किंवा व्हिडिओ अडवू शकतं. तबकडीच्या मधल्या गोल कागदाचा फोटो काढून पाठवा, दोन्ही बाजूंचा. क्रमांक नीट वाचता आला पाहिजे.