सात प्रश्न सायकलचे, पोहण्याचा एकही नाही

बडोदं, रविवार दुपार

प्रिय पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. पहिली ट्रायथलॉन करायची म्हणून आजोबांची रॅले सायकल माळ्यावरून उतरवलीस, सगळ्या बाजूंनी फोटो काढलेस आणि खाली सात प्रश्न. टायर कुठले, गियर बदलू का, रंग द्यायचा की असाच राहू दे, का सरळ कार्बन फायबरची नवी हप्त्यावर घेऊ वगैरे. सातही सायकलचेच. ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं असतं, मग सायकल, मग पळणं, हे लक्षात आहे ने? हसू नकोस, बावन्नाव्या वर्षी मीही हेच केलं, चार महिने सायकल पुसत बसलो आणि पाण्यात उतरलो ते रेसच्या तीन आठवडे आधी, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी सायकल, कारण ती झाल्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस.

फोटोत सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा स्टिकर दिसतोय. चांगली गोष्ट आहे. ही नळी १९३५ साली आली, मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील, पातळ आणि चिवट, कित्येक वर्षं रेसच्या सायकली याच्याच असायच्या. पण स्टिकर बघून खूश होण्याआधी हँडलच्या खाली जिथे आडव्या आणि तिरक्या नळ्या पुढे येऊन मिळतात तिथे खालच्या बाजूने बोट फिरव. पेंटला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे, मग तिला शोभेला ठेव, रेसला नाही. पुढच्या चाकाचा चिमटा बाजूने बघ, सरळ येऊन पुढे बाक घेतोय का मागे दबलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यावर उभी राहून बघ. आजोबा उंच होते, फोटोवरून मला फ्रेम तेवीस इंची वाटते, तू जेमतेम पाच फूट दोन. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आडव्या नळीत आणि तुझ्यात दोन बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे. नसेल राहत तर मी म्हणेन भावाला दे आणि तू तुझ्या मापाची जुनी एकोणीस-वीस इंची शोध. वाईट वाटेल, माहितीये. पण चुकीच्या मापाची सायकल कितीही प्रेमाची असली तरी चाळीस किलोमीटरनंतर मान, कंबर आणि गुडघे तिघं मिळून हिशेब मागतात, आणि त्यानंतर अजून दहा किलोमीटर पळायचं असतं.

बसली मापात तर मग ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळं खोलून साफ करणं. छर्रे सगळे नवे टाक, स्वस्त असतात. रिम जर क्रोमच्या चकचकीत स्टीलच्या असतील तर त्या बदलायच्याच, पाऊस पडला की त्यावर ब्रेक लागतच नाही, मी एकदा हालोल रोडवर जुलैमध्ये ट्रकच्या मागच्या दिव्यांपासून हातभर अंतरावर थांबलोय. चाकं २७ इंची असणार. त्याचे चांगले टायर मिळायला मारामार, ७००सी मापाचे मात्र सगळीकडे मिळतात, तेव्हा ७००सी ची अल्युमिनियम रिम घाल. व्यासात ८ मिलिमीटरचा फरक आहे म्हणजे ब्रेकचे गट्टे ४ मिलिमीटर खाली उतरवावे लागतील, बहुतेक ब्रेकना तेवढी फट असते पण आधी मोजून घे मग पैसे दे. मागे ५-६ गियरचं फ्रीव्हील असेल, राहू दे ते, फक्त त्यातलं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं आहे का बघ. पुढे ४२ आणि मागे २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दीड फेरे, पावागडच्या पायथ्याला याच्यावर रडत का होईना चढता येतं. मागे २१ वर चढायला गेलीस तर गुडघा दुसऱ्या दिवशी बोलतो. तुझा नाही बोलणार, माझा बोलतो.

रंग देऊ नकोस. आतून गंजू नये म्हणून सीटच्या नळीतून जवसाचं तेल सोड, सायकल चारी अंगांनी फिरवून दोन दिवस वाळू दे. इथला एक म्हातारा मिस्त्री करायचा हे, माझी सायकल पहिल्यांदा बघून म्हणाला होता काका, आ तो भंगारमां जवानी हती, म्हणजे ही तर भंगारात जायची होती.

आता कार्बन. माझी सायकल साडेअकरा किलो आहे, रेसला माझ्या बाजूला लावलेल्या बहुतेक आठ किलोच्या असतात. एकदम खरं सांगायचं तर स्टीलमध्ये काही जादूबिदू नाही, जे म्हणतात स्टील जास्त पळतं त्यांचं ऐकू नकोस. पण आपल्या इकडच्या सपाट रस्त्यावर साडेतीन किलोने जातात ते सेकंद, मिनिटं नाही. सपाटीवर खरा अडथळा हवेचा, आणि त्यात सायकलीपेक्षा कितीतरी जास्त हवा तू स्वतः अडवतेस. कोपर वाकवून खाली वाकायला शीक, फुकट आहे. चढाच्या रेसला कार्बन जिंकतं, तिथे भांडण नाही. हप्ता घ्यायचाच असेल तर दोन सीझन पळून झाल्यावर घे, तोपर्यंत तुला कळेल की तुझा वेळ जातो कुठे.

जुन्या सायकलीचा एक छुपा फायदा सांगतो. पायडलला पट्टेवाले क्लिप ठेव, पायडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घेऊ नकोस. पळायच्या बुटातच सायकल चालव. सायकल उतरून रॅकला लावायची, हेल्मेट काढायचं की पळायला मोकळी. बाकीचे बूट बदलत बसलेले असतात तेव्हा हा चौसष्ट वर्षांचा म्हातारा त्यांच्या समोरून जातो. (दहाव्या मिनिटाला ते परत पुढे जातात ती गोष्ट वेगळी.)

आणि हँडलची टोकं! दोन्ही बाजूंना बूच पाहिजेच, उघडी नळी असेल तर सायकल आत घेत नाहीत, पडलीस तर ती नळी मांडीत घुसते म्हणून. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पहिली हाफ आयर्नमन झाली, मिरामारला, १.९ किलोमीटर समुद्रात, ९० सायकल, २१.१ पळणं, साडेआठ तासांत संपवायचं. आदल्या दिवशी सायकल जमा करायला रांगेत उभा आणि डाव्या बाजूचं बूच गायब, ट्रेनमध्ये पडलं असणार, चूक माझीच. बाजूच्या हॉटेलातल्या पोराने वाइनच्या बाटलीची दोन बुचं दिली, चाकूने तासली, अशी बसली की आजही तीच आहेत. दारूबंदीच्या राज्यात राहून सायकलला वाइनची बुचं लावून फिरणारा मी एकटाच असेन. बायकोने माहेरी सगळ्यांना सांगितलंय.

तर पोहणं.

माझी पहिली रेस छोटी होती, ७५० मीटर पोहणं. इथल्या लालबागच्या पोहण्याच्या तलावावर मी आरामात हजार मारायचो असं मला वाटायचं, म्हणजे दर फेरीला भिंत धरून श्वास घेत, ते मी मोजलंच नव्हतं. खुल्या पाण्यात भिंत नसते. खाली काळं, बाजूला लोकांचे हातपाय, दोनशे मीटरवर श्वास असा आखडला की मला वाटलं संपलं. पाठीवर वळलो आणि मदतीला ठेवलेली कायाक, म्हणजे छोटी होडी, धरली. धरता येते, त्याने बाद होत नाही, फक्त तिने तुला पुढे न्यायचं नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतोय. तीन-चार मिनिटं आकाश बघितलं, मग उरलेलं ब्रेस्टस्ट्रोकने संपवलं.

ही थट्टेची गोष्ट नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ मधल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडल्याच्या नोंदी तपासल्या होत्या, १३५ पैकी ९० पोहतानाच्या, आणि धोका चाळिशीनंतरच्या पुरुषांना जास्त. म्हणून मी दर वर्षी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करतो आणि सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, कडेला उभा राहतो. तू तरुण आहेस, तरी पहिल्या रेसला माझ्याच बाजूला उभी राहा, लाज नाही त्यात.

बडोद्यात अडचण अशी की खुलं पाणी म्हणजे मगरी. विश्वामित्री नदीत आहेत, आजव्याच्या जलाशयात आहेत, २०२४ च्या पुरात तर रस्त्यावर आल्या होत्या, तेव्हा तिथे सराव करायचा विचारही नको. पोहण्याच्या तलावातच करायचं. भिंतीला हात न लावता अलीकडेच वळायचं. डोळे मिटून दहा हात मारायचे आणि उघडून बघायचं कुठल्या बाजूला गेलो, मी कायम डावीकडे जातो. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोर बघायचं, डोकं पूर्ण उचललंस की पाय बुडतात. आणि रेसच्या गावी एक दिवस आधी पोचून पाण्यात उतरून यायचं.

तू विचारलंयस की काका या वयात कंटाळा नाही येत? कंटाळा नाही, सगळं सावकाश होतं. पूर्वी जोरात केल्यावर एका रात्रीत पाय मोकळे व्हायचे, आता दोन दिवस हळूच. तहान वेळेवर लागत नाही म्हणून घड्याळ बघून पाणी पितो. आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो, लहानपणी माणिकरावांच्या आखाड्यात टाळाटाळ केली ती आता फेडतोय. मागच्या रेसला माझ्या वयोगटात चौघांची नावं होती, दोघं आलेच नाहीत, मी दुसरा. मेडल मेडल असतं. येत्या डिसेंबरात मला पासष्ट पूर्ण होतील, पण नियमाने त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं वय धरतात, म्हणजे जानेवारीपासूनच मी ६५-६९ मध्ये, गटातला सगळ्यात लहान! वाढदिवसाची एवढी वाट मी शाळेत असतानासुद्धा बघितली नव्हती.

जपानचे हिरोमु इनादा नावाचे गृहस्थ आहेत, साठीनंतर पोहायला लागले. २०१५ ला हवाईतल्या पूर्ण आयर्नमनमध्ये १७ तासांची मर्यादा त्यांची ५ सेकंदांनी हुकली, तेव्हा ८२ चे होते. २०१८ ला ८५ व्या वर्षी परत जाऊन वेळेत पूर्ण केलं. ते ५ सेकंद कुठे गेले असतील याचा मी सायकलवर फार विचार करतो, बूट बदलताना का, पाणी घेताना का.

रविवारी सकाळी सहाला लालबागला ये. सायकल आणू नकोस. गॉगल, टोपी आण, नंतर सेवउसळ माझ्याकडून.

तुझा
काका

ता. क. सीटची दांडी अडकलीये म्हणालीस. अल्युमिनियमची असेल तर स्टीलमध्ये धरून बसली असणार. हातोडा लावू नकोस. रोज थोडं थोडं तेल सोड, आठ दिवसांनी मी येतो, दोघं मिळून पिळून काढू.