नेमे यॅर्वींच्या कारकिर्दीचा तक्ता: सालं का जुळत नाहीत

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. श्रवणमंडळासाठी एस्टोनियन कंडक्टर नेमे यॅर्वींच्या कारकिर्दीचा तक्ता करताय. ‘एस्टोनियाचे मुख्य कंडक्टर’ हे पद एका ठिकाणी १९७५ ला संपतं, दुसऱ्या ठिकाणी १९७९ ला. हातातल्या सोव्हिएत एलपीवर ७३ छापलंय, पण त्यावरचं ऑर्केस्ट्राचं नाव १९७५ नंतरचं आहे. यातलं खोटं कोणतं, असं विचारलंय. बहुधा कुठलंच नाही.

पद आधी घेऊ, ते सोपं आहे. ‘एस्टोनिया’ हे देशाची राजधानी टॅलिनमधल्या नाट्यगृहाचंही नाव आहे. १९१३ साली उभी राहिलेली ही इमारत मार्च १९४४ च्या बॉम्बवर्षावात जळाली आणि युद्धानंतर पुन्हा बांधली गेली. तिच्या एका अंगाला ऑपेराचं थिएटर आहे, दुसऱ्या अंगाला मैफलीचा हॉल. यॅर्वी दोन्हीकडे उभे राहायचे, पण संस्था दोन. ऑपेरा कंपनीचे ते मुख्य कंडक्टर होते १९६३ ते १९७५, आणि रेडिओच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचे १९६३ ते १९७९. म्हणजे तक्त्यात दोन वेगळ्या ओळी हव्यात. ऑपेरात त्यांच्यानंतर एरी क्लास आले आणि १९९४ पर्यंत राहिले. ऑर्केस्ट्रा १९८० मध्ये पेतेर लिल्येंकडे गेला. हाच ऑर्केस्ट्रा १९२६ साली रेडिओचा म्हणून सुरू झाला, १९७५ मध्ये सरकारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा झाला आणि आज एस्टोनियन राष्ट्रीय सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणून ओळखला जातो. नावं तीन असली तरी संस्था एकच. जुन्या यादीत ‘रेडिओ’ दिसलं म्हणून वेगळी संस्था धरू नका.

आता ते ७३. यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेलोदिया या सोव्हिएत रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर रशियन लिपीत ‘गोस्त ५२८९-७३’ असं बारीक छापलेलं असतं. तो सोव्हिएत मानकाचा क्रमांक आहे आणि शेवटचे दोन आकडे त्या मानकाच्या आवृत्तीचं साल दाखवतात. ध्वनिमुद्रणाशी त्यांचा संबंध नाही. ६१, ६८, ७३, ८० आणि ८८ अशा आवृत्त्या दिसतात. त्यावरून एवढंच कळतं की तुमच्या हातातली प्रत त्या आवृत्तीच्या आधीची नाही. ७३ चं लेबल १९७८ च्या प्रतीवरही असू शकतं, आणि जुनंच ध्वनिमुद्रण पुन्हा छापलं की त्याला नव्या आवृत्तीचं लेबल लागतं. त्यामुळे १९७५ नंतरचं नाव आणि ७३ एकाच लेबलवर सुखाने नांदतात. त्यापेक्षा नोंदक्रमांक बघा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रमांकाच्या सुरुवातीला एक अक्षर येतं (स्टिरिओ की मोनो), मग १० हा आकडा, त्यातला १ म्हणजे सिम्फनी, ऑपेरा, चेंबर वगैरे विभाग. एका एलपीला बाजूगणिक एक असे दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहून घ्या. विकणारे एकच लिहितात आणि मग यादीत ती एलपी दोनदा येते.

सीडीचीही तीच गत. गोलातल्या ‘पी’पुढचं साल ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं आणि गोलातल्या ‘सी’पुढचं बहुतेकदा छापील मजकुराचं. प्रत्यक्ष मुद्रणाची तारीख आणि हॉल पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो. तो नसेल तर तक्त्यात ‘प्रकाशन’ असंच लिहा, अंदाजाने ‘मुद्रण’ लिहू नका.

मूळ टेप्सची माहिती मागवणार असाल तर आधीच सावध करतो. एका मोठ्या ध्वनिसंग्रहाच्या कार्यालयाने, नाव घेत नाही, माझा छळ मांडला होता. टेप शोधायला नोंदक्रमांक द्या. क्रमांक कुठे मिळेल? आमच्या यादीत. यादी बघू द्या. बाहेरच्यांना दाखवत नाही. नुसत्या ‘यॅर्वी’ या नावावर उत्तर यायचं की अशी नोंद नाही. त्यांची कार्डं लावली होती संगीतकार आणि रचनेप्रमाणे, कंडक्टरच्या नावाने नाहीत, हे सांगायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. सगळी कार्यालयं अशीच असतात असं नाही, पण कंडक्टरच्या नावाने विचारूच नका. संगीतकार, रचना, ऑर्केस्ट्राचं त्या काळातलं नाव आणि पाच वर्षांच्या आतला कालखंड द्या. एका पत्रात एकच रचना मागा. हक्क आणि परवानगीचा प्रश्न वेगळ्या पत्रात विचारा, नाहीतर अख्खं पत्र कायदा विभागाकडे जातं आणि तिथेच मुक्काम करतं.

नावाच्या शोधात आणखी एक खड्डा आहे. लॅटिन लिपीत आडनावातल्या स्वरावर दोन टिंबं असतात. कुठे ती गाळलेली असतात, तर कुठे टिंबांऐवजी एक जादा अक्षर घातलेलं असतं. रशियन यादीत ती अडचण नाही, पण तिथे आद्याक्षर नीट वाचा. थोरले भाऊ वाल्लो यॅर्वी त्याच थिएटरात अनेक वर्षं कंडक्टर होते, त्यामुळे जुन्या जाहिरातपत्रकावर नुसतं ‘यॅर्वी’ असेल तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. जन्मतारखेत तर गंमतच आहे. नेमे यॅर्वी ७ जून १९३७, एरी क्लास ७ जून १९३९. कुणीतरी ‘दुरुस्ती’ करून एकाचं साल दुसऱ्याला चिकटवतंच. दोघंही लेनिनग्राडला निकोलाय राबिनोविचांकडे शिकले, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. आणि एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्तची ‘ताबुला रासा’ यॅर्वींच्या खात्यावर टाकू नका. १९७७ च्या पहिल्या प्रयोगाचे कंडक्टर क्लास होते.

यॅर्वींच्या खात्यावर जायला हवी ती पॅर्तचीच ‘क्रेडो’, नोव्हेंबर १९६८, टॅलिन. येशूवरच्या श्रद्धेचे लॅटिन शब्द, सोव्हिएत काळ, आणि वरून रीतसर मंजुरी न घेता केलेला प्रयोग. त्यानंतर रचनेवर बंदी आली. तरीही १९७१ मध्ये यॅर्वींनी रोमच्या सांता चेचिलिया अकादमीच्या कंडक्टिंग स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, आणि पॅर्तने त्याच साली लिहिलेली तिसरी सिम्फनी त्यांनाच अर्पण केली. माझं मत विचाराल तर तक्त्याचा निम्मा कागद या सोळा-सतरा वर्षांना द्या. बहुतेक लेख ‘नंतर ते अमेरिकेला गेले’ इथून रंगात येतात, ते मला पटत नाही. कुणाला पटत असेल तर वाद नाही.

स्थलांतराचा महिना जानेवारी १९८०. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातलं त्यांचं पदार्पण मात्र त्याआधीचं, १९७९ चं, चायकोव्स्कीच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या ऑपेरातलं. तेव्हा ते सोव्हिएत नागरिकच होते आणि परदेश दौरे सरकारी संस्थेमार्फत ठरायचे. हा क्रम उलटा लावलेला मी वारंवार पाहिलाय. १९८० नंतर सोव्हिएत एस्टोनियात त्यांचं नाव घेणंही अवघड झालं, म्हणून त्या दशकातल्या तिथल्या छापील संदर्भात ते नसले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पुढची पदं एका रकान्यात एकाखाली एक लिहू नका, आडव्या पट्ट्या काढा. स्वीडनमधला गोथेनबर्गचा ऑर्केस्ट्रा १९८२–२००४, स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्रा १९८४–८८ (‘रॉयल’ हा शब्द नावात नंतर आला), डेट्रॉइट १९९०–२००५, न्यू जर्सी २००५–०९, हेगचा रेसिडेंटी २००५–१२, जिनिव्हाचा स्विस रोमांद २०१२–१५, आणि परत टॅलिनचा राष्ट्रीय ऑर्केस्ट्रा २०१०–२०. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतील. त्यात चूक नाही. मुख्य कंडक्टर वर्षभर एका गावात बसत नाही, हंगामातले ठरलेले आठवडे देतो, त्यामुळे दोन पदं सहज चालतात. नेमणूक जाहीर झाल्याचं साल आणि पहिला हंगाम यात वर्ष-दोन वर्षांचं अंतर असतं. तुम्ही पहिला हंगाम धरा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. ‘प्रमुख पाहुणे कंडक्टर’ आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या मानाच्या उपाध्या वेगळ्या रंगात दाखवा.

ध्वनिमुद्रणांची ‘चारशेहून अधिक’ ही संख्या शीर्षकात घालायचा मोह आवरा, ऐकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. एदुआर्द तुबिन ऐकवा. हा एस्टोनियन संगीतकार १९४४ साली स्वीडनला पळाला, आणि त्याच्या सिम्फनी यॅर्वींनी स्वीडिश कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केल्या. मुद्रणं एकाच ऑर्केस्ट्राची नाहीत, प्रत्येक सीडीवर नाव तपासून घ्या. शोस्ताकोविचचंही तसंच, काही सिम्फनी स्कॉटिश ऑर्केस्ट्राबरोबर आणि काही गोथेनबर्गबरोबर, आणि कंपन्याही दोन. ‘संपूर्ण संच’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आतल्या तबकड्या मोजून घ्या.

मेटच्या (मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या) ओळीत तूर्त १९७९ चं ‘ओनेगिन’ आणि १९८५ ची ‘खोवान्श्चिना’ एवढं लिहा. बाकीचे प्रयोग मेटच्या स्वतःच्या प्रयोगनोंदीत सापडतील. त्या सगळ्यांना खुल्या आहेत आणि कंडक्टरच्या नावाने शोधता येतात.